आप्पांना हिशेब येतो, पण हळद म्हणजे काय ते कळत नाही. सराव घ्यावा तरी कसा?

किराणावाली_पारोळा

नमस्कार मंडळी. प्रश्न सासऱ्यांबद्दल आहे. लांबलचक लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं की लोक ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतात.

आप्पा 66 वर्षांचे. पारोळ्यात आमचं जुनं किराणा दुकान, त्यांच्या वडिलांपासूनचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून आप्पा गल्ल्यावर बसतात. दोनेक वर्षांपूर्वी एका बाईंनी ओवा मागितला, तर आप्पा म्हणाले, ‘ओवा? हाई काय शे?’ बाईंना वाटलं थट्टा करतात. स्वभाव तसा आहेच, आम्हीही हसलो. मग जिरे गेले, बडीशेप गेली, धने गेले. आता सगळं ‘ते सामान’, ‘ते बारीकवालं’, ‘ते वरच्या फळीवरलं’. बोलणं मात्र कुठंही अडखळत नाही. ओघ तोच, आवाज तोच. फोनवर ऐकणाऱ्याला पत्ता लागणार नाही की माणूस आजारी आहे.

आणि हिशेब तर विचारूच नका. 140 रुपये किलोची डाळ 350 ग्रॅम तोलली की काट्यावर आकडा ठरायच्या आधी ‘एकोणपन्नास’ म्हणून मोकळे. कुणाकडे किती उधारी, पोळ्याला देतो म्हणून कोणी दिले नाहीत, सगळं तोंडपाठ. काल दुकानात कोण आलं, रात्री काय जेवलो, तेही बरोबर सांगतात. त्यानेच पंचाईत झालीय. नणंदेचे यजमान सरळ म्हणतात, ‘पैसे बरे आठवतात, आणि हळद नाही आठवत? सोंगं आहेत ही.’

वाचताही येतं. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पिशवीवरचं ‘साबुदाणा’ खडखडीत वाचलं, पिशवी उलटसुलट केली आणि मला विचारलं, ‘साबुदाना म्हंजे काय व माय?’ हा माणूस जन्मभर एकादशी धरत आलाय.

मागच्या महिन्यात तर हद्द झाली. गल्लीतली एक पोर खडीसाखर घ्यायला आली, प्रसादाला. मी आत चहा टाकत होते. आप्पांनी बरणी काढली, तोललं, कागदाची पुडी बांधली, दोरा गुंडाळून गाठ मारली, पैसे घेतले, सुटे बरोबर परत दिले. थोड्या वेळाने तिची आई पुडी घेऊन आली. आत तुरटी. मी दोन्ही बरण्या आप्पांपुढे ठेवल्या. त्यांनी दोन्हींतला एकेक खडा उचलला, दाराकडच्या उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, ‘सारखंच तं शे.’ त्यांच्या डोळ्यांना ते खरोखरच सारखं दिसत होतं. थट्टा नव्हती, घाबरलेही नव्हते. मीच घाबरले.

गावात बी-12ची इंजेक्शनं झाली, झोपेच्या गोळ्या झाल्या, धुळ्याला एमआरआय झाला. शेवटी नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया, म्हणजे भाषा हळूहळू जात राहण्याचा मेंदूचा आजार, त्यातला सिमँटिक (अर्थ जाण्याचा) प्रकार. डाव्या कानशिलाच्या आतला मेंदूचा पुढचा भाग आक्रसलाय, ते फिल्मवर आम्हालाही दिसलं. हे थांबवणारी गोळी नाही, भाषेचा सराव घ्या, असं म्हणाले.

सरावासाठी एका ठिकाणाहून मोबाईलवर कार्डं आली. विमान, छत्री, सफरचंद, पेंग्विन. आमचे हे रोज रात्री जेवणं झाली की आप्पांना समोर बसवतात. ‘हे काय? नीट बघा. सांगा ना. काल सांगितलं होतं तुम्हाला.’ पेंग्विन! पारोळ्यात पेंग्विनचं काय काम, तुम्हीच सांगा. पाच-सहा कार्डांत आप्पांचा चेहरा उतरतो, मग चप्पल घालून सरळ बाहेर. यांचा जीव तुटतो म्हणून हे करतात, मला कळतं. पण रात्रीची जेवणं कडू व्हायला लागलीत.

तर विचारायचं ते हे. अशी कार्डं घोटून गेलेले शब्द परत येतात का? आप्पा घरात अहिराणी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि व्यापाऱ्यांशी हिंदी बोलतात, मग सराव कोणत्या भाषेत? आणि त्यांना दुकानात बसू द्यावं की नाही? दुकान बंद केलं तर माणूस खचेल, चालू ठेवलं तर उद्या खडीसाखरेच्या जागी काय बांधून देतील सांगता येत नाही.

धुळेकर_काका

सूनबाई, ब्राह्मी आणि शंखपुष्पी सुरू करा, रात्री भिजवलेले बदाम द्या. मेंदूला काम दिलं की तो चालतो. शब्दकोडी सोडवायला द्या. मुलगा बरोबर करतोय, कार्डं सोडू नका, लाड केले तर अजून विसरतील. आणि कानाची तपासणी केली का? आमच्या आईला ऐकू कमी येत होतं, आम्ही समजत होतो समजत नाही. अजून एक. दोन-तीन भाषा येणाऱ्याला हे आजार होत नाहीत असं कुठंतरी वाचलं होतं, मग आप्पांना कसा झाला?

वाचा_भुसावळ

ताई, माझं माहेर भुसावळ, आता पुण्यात असते. वाचा आणि भाषा उपचार हेच माझं काम. आप्पांना न बघता उपचार सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंय की काही गोष्टी नक्की बोलता येतील.

आधी सोंगाचं. अल्झायमरमध्ये बहुतेकदा कालचं आधी जातं आणि जुनं टिकतं. आप्पांचं कालचं शाबूत आहे. वस्तू म्हणजे काय, ती कशाला लागते, हे ज्ञान झिजतंय. आकडेमोड मेंदूच्या मागच्या-वरच्या भागावर चालते आणि या आजाराची सुरुवात कानशिलाच्या आत, पुढच्या टोकाशी होते. म्हणून हिशेब चोख आणि हळद गायब, ही जोडीच या आजाराची ओळख आहे. तुमच्या नणंदेच्या यजमानांना जी गोष्ट संशयाची वाटते तीच डॉक्टरांना खात्री देणारी असते. लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी 1975मध्ये असेच तीन रुग्ण वर्णन केले होते. मार्सेल मेसुलम यांनी 1982मध्ये असे सहा जण नोंदवले, ज्यांची स्मरणशक्ती आणि व्यवहार ठीक होते आणि फक्त भाषा हळूहळू ढासळत होती. 2011मध्ये तज्ज्ञांनी त्याचे तीन प्रकार ठरवले. एकात अर्थ जातो, तो आप्पांचा. दुसऱ्यात उच्चार आणि वाक्यरचना मोडते. तिसऱ्यात शब्द ऐनवेळी सापडत नाही आणि लांब वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणता येत नाही. या तिसऱ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा अल्झायमरच निघतो. तिन्हींचा सराव वेगवेगळा असतो, म्हणून ‘अफेझियाची कार्डं’ सगळ्यांना एकच देऊन भागत नाही.

साबुदाण्याचं वाचन ऐकून मला जपान आठवला. तिथं इमुरा नावाच्या डॉक्टरांनी 1943मध्येच असे रुग्ण टिपले होते. जपानीत दोन तऱ्हेची लिपी चालते. एक आपल्यासारखी, अक्षर दिसलं की उच्चार कळतो. दुसरी चित्रलिपी, तिथं अर्थ माहीत असल्याशिवाय वाचता येत नाही. त्या रुग्णांना पहिली वाचता यायची, दुसरीत ते घसरायचे. देवनागरी पहिल्या जातीची, म्हणून आप्पा खडखडीत वाचतात. डब्यावरची चिठ्ठी शाबूत आहे, आतला माल संपत चाललाय.

भाषेचं उत्तरही त्यातच आलं. माल संपला की चिठ्ठी अहिराणीत लावा नाहीतर हिंदीत, फरक थोडाच पडतो. तरी रोजच्या वापरातली भाषा जास्त टिकते. ज्या वस्तूला आप्पा ज्या भाषेत हाक मारत आले, त्या वस्तूचा सराव त्याच भाषेत घ्या. घरचं अहिराणीत, दुकानातलं गिऱ्हाइकाच्या मराठीत. एकाच वस्तूची तीन नावं एकदम नकोत.

आता घोटण्याचं. गेलेले शब्द सरावाने काही काळ परत येतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण ज्यांचा सराव केला तेवढेच येतात. हळद शिकवली म्हणून हिंग परत येत नाही. आणि सराव थांबला की तेही ओसरतात. दुसरी अडचण अशी की रुग्ण त्या एका चित्राला चिकटतो. मोबाईलवरच्या छत्रीला ‘छत्री’ म्हणेल, खुंटीवरची ओळखणार नाही. म्हणून पेंग्विन, विमान, सफरचंद आजच काढून टाका. शब्द थोडे निवडा, आणि तुमच्याच बरण्या, तुमचीच फळी, तुमच्याच घरातली भांडी वापरा. निवडताना आप्पांना विचारा: कोणता शब्द नडतो? आणि जे अर्धवट शिल्लक आहेत ते आधी घ्या. पार पुसले गेलेले शब्द परत आणायला जेवढी मेहनत लागते तेवढ्यात डगमगणारे चार वाचतात.

पद्धत बदला. ‘हे काय, सांगा’ ही परीक्षा झाली. चुकीचं उत्तर तोंडातून गेलं की तेच डोक्यात बसायची भीती असते. आधी आपण सांगायचं: ‘ही हळद. भाजी पिवळी होते ती. वास घ्या.’ मग त्यांनी म्हणायचं. हातात वस्तू, नाकाशी वास, जिभेवर चव. दिवसा, ताजेतवाने असताना, थोडाच वेळ. रात्री जेवणानंतर अजिबात नको, त्या वेळी तुम्ही-आम्हीही चिडतो.

दुकान बंद करू नका, पण उंदराचं औषध, फिनेल, कॉस्टिक सोडा, कापूर, डांबरगोळ्या आजच्या आज त्यांच्या हाताबाहेर ठेवा. तुरटी तर आलीच. हा नुसता नावाचा घोळ नाही. वस्तू काय आहे हेच कळत नसेल तर उद्या ते स्वतःही तोंडात टाकू शकतात. घरातसुद्धा.

काका, तुमचा कानाचा मुद्दा अगदी बरोबर. श्रवणतपासणी, थायरॉइड, बी-12 हे आधी व्हायलाच हवं. दोन भाषांबद्दल तुम्ही वाचलंत त्यात तथ्य आहे, पण तेवढंच नाही. हैदराबादला 648 रुग्णांचा अभ्यास झाला, 2013मध्ये छापून आला. एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा दोन-तीन भाषा येणाऱ्यांत डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, निरक्षर लोकांतसुद्धा. उशिरा दिसली, टळली नाहीत. शब्दकोड्यांना मात्र माझा विरोध आहे. ज्याचा अर्थच गेलाय त्याला कोडं घालणं म्हणजे रोज नापास करणं. आणि ब्राह्मी वगैरे काही देणार असाल तर नाशिकच्या डॉक्टरांना सांगूनच, चालू गोळ्यांशी जमतं का ते बघून.

केळीवाला_रावेर

ताई, आमच्याकडे बरोबर उलटं आहे. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणतो. वरच्या ताई म्हणतात तो दुसरा प्रकार. सगळं समजतं, बोलता येत नाही. आधी जीभ जड झाल्यासारखी वाटली, आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका असेल. मग वाक्यातले शेपटाचे तुकडे गळायला लागले. ‘मळ्यात काल पाणी दिलं’ याचं ‘मळा... पाणी... काल’ झालं. हिशेबाचं बोलायचं असलं की घाम फुटतो. पण कांदेबाग कुठली, मृगबाग कुठली, कोणत्या बागेचा पील (केळीच्या बुडाचा कोंब) धरायचा, डोक्यात सगळं जागेवर.

लोक काय करतात, तर मोठ्याने बोलतात, बहिऱ्याशी बोलावं तसं. किंवा त्यांच्यासमोर मलाच विचारतात, ‘नाना जेवले का?’ नाना शेजारी बसलेत, विचारा ना त्यांना! व्यापारी बागेत आला की मी आता आधीच सांगतो: हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा, आणि थांबा. दहा मोजेपर्यंत थांबलात तर उत्तर येतं. लोकांना तीनपर्यंतही थांबवत नाही.

आम्ही एक काम वेळेत केलं त्याचा फार उपयोग झाला. बोलणं बऱ्यापैकी होतं तेव्हा मोबाईलवर नानांचं बोलणं भरून ठेवलं. कुठल्या विहिरीचं पाणी किती दिवस पुरतं, बांधावरून कुणाशी काय ठरलंय, खत कसं सोडायचं. भाच्याला ते आजही कामाला येतं.

दुसरं कागदांचं. हे डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. दुकानाचा परवाना, जीएसटी, बँकेचं खातं आप्पांच्या एकट्याच्या नावावर असेल तर आता हात चालवा. आम्ही मुखत्यारपत्र करून निर्धास्त होणार होतो, तर वकिलांनी सांगितलं की करून देणाऱ्याची समज गेली की 1872च्या करार कायद्याप्रमाणे साधं मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकं गरज असेल तेव्हाच. त्यापेक्षा बँक खातं दोघांच्या नावावर आणि दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं करा. मृत्युपत्र, बक्षीसपत्र जे काही असेल ते आप्पांना समजतंय तोवर, डॉक्टरांचा तशा आशयाचा दाखला जोडून. हिशेब कळतोय म्हणजे अजून वेळ आहे तुमच्याकडे, पण ज्या कागदावर सही करतायत त्यातले शब्द त्यांना कळतात का, ते वकिलांना विचारू द्या. त्यात लपवाछपवी केली तर उद्या भाऊबंदकीत तेच निघतं.

दिव्यांग दाखलाही मिळू शकतो. 2016च्या कायद्यात वाचा आणि भाषा दोष वेगळा धरलाय आणि मेंदूच्या कारणाने आलेला अफेझिया त्यात बसतो. यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन होतो. आणि काही अडलं तर ज्येष्ठांसाठी 14567 हा फुकट नंबर आहे.

सोंग म्हणणाऱ्याला हॉलिवूडच्या ब्रूस विलिसचं सांगा. त्याच्या घरच्यांनी 2022मध्ये अफेझिया आहे म्हणून सांगितलं आणि 2023मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग झिजण्याच्या आजाराचं निदान जाहीर केलं. आमच्या गावात ही बातमी पोहोचल्यावर नानांना मान मिळायला लागला. एवढ्या मोठ्या माणसाला झाला म्हणजे आजार खराच असणार, असं लोकांचं गणित!

किराणावाली_पारोळा

सगळ्यांचे आभार. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

कार्डं बंद केली. हे आधी तयार नव्हते. ‘सराव बंद म्हणजे आपण हात टेकले’ असं त्यांचं म्हणणं. त्यांना वाचा_भुसावळ ताईंचं उत्तर पूर्ण वाचायला लावलं. ‘हळद शिकवली म्हणून हिंग येत नाही’ इथं थांबले, परत वाचलं, मग काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच दुकानात येऊन बरण्यांचे फोटो काढत बसले.

शब्द निवडायला आप्पांना बसवलं. मला वाटलं होतं दुकानातलेच निवडतील. त्यांनी काय मागावं? नातीचं नाव, आणि मग ‘तो डोक्यावरचा गरगर’, म्हणजे पंखा. दुपारी उकडतं तेव्हा त्यांना सांगता येत नव्हतं आणि आम्ही पाणी आणून देत होतो. दुकानातले त्यांनी मीठ, गूळ, चहा, डाळ एवढेच घेतले. बाकीचं तू बघ म्हणाले. माझ्या यादीत हिंग, जिरे, मोहरी, लवंग असलं बरंच काही होतं. ती मी फाडून टाकली.

सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाईक यायच्या आधी आम्ही दोघं ते करतो. मी बरणी उघडून हातावर देते. ‘आप्पा, हाई गूळ. चहामा टाकतस.’ ते म्हणतात, ‘गूळ’. आणि खातात! तिथं एक नवीनच प्रकरण निघालंय. गोडाची हाव सुटलीय. ढेपेतले खडे काढून खिशात ठेवतात. पूर्वी चहात अर्धा चमचा साखर चालायची नाही. शिवाय घड्याळात चार वाजले की चहा हवाच, तीन पंचावन्नला दिला तर घेत नाहीत. एकच निळा सदरा. हा स्वभाव झाला की आजार?

दुकानाची मांडणी बदलली. गिऱ्हाइकाला माल मी देते. आप्पा तोलतात, पुड्या बांधतात आणि पैसे घेतात. तोलणं आणि बांधणं हातातच आहे त्यांच्या, त्याला नाव लागत नाही. तुरटी, कापूर, उंदराच्या गोळ्या घरात कुलपात. मागितलं तर मी आतून आणते. एक-दोन जुनी गिऱ्हाइकं मुद्दाम आप्पांना ‘ओळखा पाहू हे काय’ करायची, त्यांना मी तोंडावर सांगितलं की किराणा घ्यायचा असेल तर घ्या, परीक्षा घ्यायची असेल तर शाळेत जा. बोलले असतील मागून, बोलू देत.

कानबाईच्या सणाला मात्र वेगळंच दिसलं. रोटांच्या दिवशी घर भरलेलं होतं, बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या आणि आप्पा मागे भिंतीला टेकून ओळीच्या ओळी म्हणत होते, एक शब्द चुकत नव्हता. त्यात पुरण होतं, खापर होतं, सगळं आलं. गाणं संपल्यावर आमच्या ह्यांनी पुढच्या ताटातला मांडा दाखवून नाव विचारलं (सवय जात नाही!), तर आप्पांनी नुसतं हसून खायला घेतला.

अजून एक. हे रात्री झोपत नाहीत. ‘मलापण होईल का?’ म्हणून विचारत राहतात. आनुवंशिक असतं का हे?

वाचा_भुसावळ

ताई, यादी फाडलीत ते उत्तम केलंत. पंखा हा शब्द आमच्या कुठल्याच तयार संचात पहिल्या पानावर नसतो.

गोडाची हाव, घड्याळ, एकच सदरा हे सगळं आजारातलं आहे. मेंदूचा तोच भाग आणि त्याच्या शेजारचा भाग. वाद घालून उपयोग नाही. ढेप नजरेआड करा, समोर मोजके खडे ठेवा, आणि साखर तपासून घ्या. घड्याळाचा तुम्हीच फायदा घ्या: सराव, आंघोळ, फिरणं ठरलेल्या वेळी बसवलं तर ते आपणहून येतील. पुढे कधी माणसं ओळखण्यातही गडबड होऊ शकते. नात समोर आली की तिने आपणच ‘आप्पा, मी अमकी’ म्हणत यावं, ‘ओळखलं का’ विचारू नये, हे आत्तापासून लावून द्या.

गाणं अख्खंच्या अख्खं ओठावर बसलेलं असतं, त्यासाठी एकेका शब्दाचा अर्थ लागत नाही. त्यातून नावं परत येतील अशी आशा धरू नका, पण गाऊ द्या. चारचौघांत बसण्याचा तो त्यांचा हक्काचा मार्ग आहे.

दादांना सांगा, तिन्ही प्रकारांत घराण्यात चालत येण्याचं प्रमाण या सिमँटिक प्रकारात सगळ्यात कमी आहे. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरं कुणी नसतं. आप्पांच्या भावंडांत किंवा आई-वडिलांत कमी वयात स्वभाव पालटल्याचं, वाचा गेल्याचं, हातपाय लुळे पडत गेल्याचं कुणी असेल तरच डॉक्टरांशी वेगळं बोला. नसेल तर झोपा म्हणावं. आणि एक विचारून ठेवा: अल्झायमरसाठी ज्या गोळ्या देतात त्या या प्रकारात उपयोगी ठरलेल्या नाहीत, काहींची चिडचिड उलट वाढते. गावात कुणी ‘स्मृतीची गोळी’ लिहून दिली असेल तर नाशिकला दाखवल्याशिवाय सुरू ठेवू नका. मनाने बंदही करू नका.

धुळेकर_काका

बरं झालं विचारलं. कोड्याचं माझं म्हणणं मागे घेत नाही, आमच्या आईला चाललं होतं. पण तिचा आजार वेगळा असणार, हे आता कळतंय. सूनबाई, गिऱ्हाइकाला बोललात ते झकास.

केळीवाला_रावेर

वाचा_भुसावळ ताई, इथंच विचारतो. नानांना हल्ली चहा पिताना ठसका लागतो. भाकरी, भरीत नीट जातं, पातळ पदार्थालाच होतं. घरचे म्हणतात चहात बिस्कीट कुस्करून घट्ट करून द्या. तसं करू का?

वाचा_भुसावळ

दादा, अंदाजाने काही घट्ट करू नका. नानांच्या प्रकारात गिळण्याचे स्नायूही पुढे मंदावतात, आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. किती घट्ट हवं ते गिळण्याची तपासणी करूनच ठरतं. तोवर ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान घोट, आणि घोट तोंडात असताना कुणी बोलायला लावायचं नाही. ताप, रात्रीचा खोकला, पाणी प्यायल्यावर आवाज ओला-घरघरल्यासारखा होणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका.

केळीवाला_रावेर

आवाज घरघरतो, हो. जळगावला सोमवारी नेतो मग. जुन्या फिल्म न्यायच्या का?

वाचा_भुसावळ

न्या. आणि नाना रोज पितात तोच चहा थर्मासमध्ये, त्यांच्याच कपासकट. तिथं तपासताना तोच पाजून बघता येईल.